स्टँडबाय कंट्रोलर सिंक होत नाही : कार्ड बदलण्याआधी काय काय तपासायचं

दोन कंट्रोलरच्या सिस्टीमवर (एक, म्हणजे प्रायमरी, प्लँट चालवतो; दुसरा, म्हणजे स्टँडबाय किंवा सेकंडरी, डेटा जुळवून, म्हणजे सिंक होऊन, ताबा घ्यायला तयार उभा असतो) मला सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार एकच असते : प्लँट चालू आहे, प्रायमरी ठणठणीत आहे, पण स्टँडबाय सिंक होत नाही. प्लँट चालू असल्यामुळे कोणाला घाई नसते. आठवडा जातो, बघता बघता अर्धा गाळप हंगाम जातो. मग एके रात्री प्रायमरीचा पॉवर सप्लाय मान टाकतो आणि तेव्हा कळतं की मागे कोणीच उभं नव्हतं. साखर कारखान्याच्या को-जन (वाफेबरोबर वीजही बनवणाऱ्या) बॉयलरवर असं झालं की ड्रम लेव्हल, फीड वॉटर, आयडी फॅन (धूर ओढणारा पंखा), सगळ्यांवरचा ताबा एकदम सुटतो. बॉयलर ट्रिप, टर्बाइन ट्रिप आणि वाफ नाही म्हणून गाळपही बंद.

म्हणून स्टँडबाय सिंक नसणं हा माझ्या दृष्टीने चालू बिघाड आहे. ‘शटडाऊनमध्ये बघू’ म्हणून ठेवून देण्याचं ते काम नव्हे.

इथे मी ॲलन-ब्रॅडलीच्या कंट्रोललॉजिक्स जोडीबद्दल लिहितोय : दोन सारखे रॅक, प्रत्येकात कंट्रोलर, इथरनेट कार्ड आणि एक रिडंडन्सी मॉड्यूल (१७५६-आरएम२), आणि दोन्ही मॉड्यूलच्या मधे फायबर. आय/ओ (इनपुट-आउटपुट) कार्डं या रॅकमध्ये नसतात, ती नेटवर्कवर वेगळ्या रॅकमध्ये असतात. तुमच्याकडे सीमेन्सची एस७-४००एच किंवा दुसरी कुठली जोडी असेल तर दिवे आणि मेनू वेगळे असतील, पण तपासणीचा क्रम बराचसा हाच राहील.

एक गोष्ट सुरुवातीलाच. सगळी तपासणी सेकंडरीच्या बाजूने करायची. प्लँट ज्याच्यावर चालू आहे त्या रॅकला हात लावायचा नाही. एरवी प्रायमरी रॅकमधलं कार्ड काढलं तर सेकंडरी ताबा घेतो. आत्ता घ्यायला कोणी नाही, तेव्हा तिथला साधा सैल कनेक्टर दाबायला गेलात तरी प्लँट जाऊ शकतो.

## लक्षणं

तुमची तक्रार यांतली नेमकी कोणती ते आधी ठरवा. पुढचा अर्धा वेळ वाचतो.

- सेकंडरी रॅकच्या रिडंडन्सी मॉड्यूलवर ‘एसवायएनसी’ (सिंक आहे) ऐवजी ‘डीआयएसक्यू’ (सेकंडरी अपात्र) दिसतं.
- प्रायमरीच्या इथरनेट कार्डावर ‘पीडब्ल्यूक्यूएस’ ऐवजी ‘पीडब्ल्यूडीएस’ फिरत असतं. म्हणजे जोडीदार दिसतोय, पण तो पात्र (ताबा घ्यायला तयार) नाही. ‘पीडब्ल्यूएनएस’ असेल तर जोडीदार दिसतच नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पहिल्यात बहुतेक वेळा जुळणीचा घोळ निघतो आणि दुसऱ्यात पॉवर किंवा फायबरचा.
- ‘क्यूएफएनजी’ येतं, क्वालिफाय (पात्र) व्हायला सुरुवात होते आणि थोड्या वेळाने पुन्हा ‘डीआयएसक्यू’.
- सिंक होतं, पण मधेच सुटतं आणि आपोआप परत लागतं. बऱ्याचदा दुपारी, किंवा एखादी मोठी मोटर सुरू होताना.
- ऑफ-सीझनच्या कामानंतर किंवा स्पेअर कार्ड टाकल्यापासून एकदाही सिंक झालेलं नाही.

एस७-४००एच वाल्यांनी ‘आरईडीएफ’ हा दिवा बघावा. विझलेला असेल तर जोडी रिडंडंट आहे. सावकाश लुकलुकत असेल तर लिंक-अप चालू, भराभर लुकलुकत असेल तर अपडेट चालू. सतत लागलेला असेल तर रिडंडन्सी नाही. नवीन माणूस नेमका इथे गोंधळतो, कारण विझलेला दिवा चांगला असतो. ‘आयएफएम१एफ’ किंवा ‘आयएफएम२एफ’ लागला असेल तर सिंक मॉड्यूल आणि त्याचं फायबर आधी बघायचं.

## आधी फक्त वाचा

पॅनेल उघडा आणि कशालाही हात न लावता दोन्ही रॅकच्या प्रत्येक कार्डाचा डिस्प्ले आणि दिवे मोबाईलवर व्हिडिओ करून घ्या. डिस्प्लेवरची अक्षरं फिरती असतात, फोटोत अर्धीच येतात. पुढे वाद झालाच तर हाच व्हिडिओ कामाला येतो.

मग चालू प्रायमरी कोणता आहे ते ठरवा, आणि तेही पॅनेलच्या दारावरचं स्टिकर वाचून नको. स्टिकरवर ‘रॅक ए – मेन’ आणि ‘रॅक बी – स्टँडबाय’ असं कमिशनिंगच्या दिवशी लिहिलेलं असतं. त्यानंतर एक जरी स्विचओव्हर (ताबा दुसऱ्या रॅककडे जाणं) झाला असेल तर आज बी प्रायमरी आहे. स्टँडबाय समजून चालू रॅकचा एमसीबी (सप्लायचा ब्रेकर) पाडल्याने प्लँट गेल्याची उदाहरणं या धंद्यात सगळ्यांना माहीत आहेत. ज्या रिडंडन्सी मॉड्यूलवर ‘पीआरआयएम’ दिसतंय आणि ‘पीआरआय’चा दिवा लागलाय, तो प्रायमरी. त्यावर लाल टेप लावा आणि मगच पुढे जा.

तिसरं काम म्हणजे शिफ्टचं लॉगबुक. सिंक सुटण्याच्या आदल्या दिवशी काय काय झालं? कोणी नवीन स्विच लावला, सीसीटीव्हीची लाइन ओढली, प्रोग्रामात बदल केला, पॅनेलचा एसी बंद पडला? इतर कुठल्याही तपासणीपेक्षा लॉगबुकातून लवकर उत्तर मिळतं आणि खर्च शून्य.

## चावी आणि पॉवर

दोन्ही कंट्रोलरची चावी एकाच स्थितीत असली पाहिजे, साधारणपणे दोन्ही ‘रिमोट’वर. एक ‘रन’वर आणि एक ‘प्रोग्रॅम’वर ठेवून कोणी निघून गेलं असेल तर जोडी नीट वागत नाही. फक्त सेकंडरीची चावी प्रायमरीच्या जागेवर आणायची, प्रायमरीची फिरवायची नाही.

मग सेकंडरीचा सप्लाय. २४ व्होल्टचा असेल तर मीटर थेट रॅकच्या सप्लायच्या टर्मिनलवर लावा, एसएमपीएसच्या (पॅनेलमध्ये २४ व्होल्ट बनवणाऱ्या युनिटच्या) आउटपुटवर नको. मधल्या फ्यूज टर्मिनलवर किंवा सैल लगवर एक-दीड व्होल्ट खाल्ला जातो आणि लोड वाढला की तो आणखी वाढतो. मोटर सुरू होताना सिंक सुटत असेल तर मीटर मिन-मॅक्सवर लावून ठेवा, नुसतं एकदा बघून कळणार नाही.

इथेच आणखी एक गोष्ट बघून घ्या : दोन्ही रॅकचे सप्लाय एकाच यूपीएसवर, एकाच एमसीबीवर आहेत का? सिंकच्या तक्रारीशी याचा थेट संबंध नसेलही, पण दोन कंट्रोलर घेऊन एकाच एमसीबीवर लटकवले तर दुसऱ्याचे पैसे वाया गेले. मी तरी हे रिपोर्टमध्ये लिहिल्याशिवाय राहत नाही.

## फायबर

‘पीडब्ल्यूएनएस’ असेल, किंवा सिंक सुटतं-लागतं असेल, तर माझा पहिला संशय फायबरवर. कारण साधं आहे : कंट्रोलर सीलबंद पेटीत असतो, आणि फायबरचं टोक मात्र कोणी ना कोणी कधीतरी उघड्या हाताने धरलेलं असतं.

आरएम२ वर दोन चॅनेल असतात. एकचं फायबर समोरच्या एकलाच जायला हवं आणि दोनचं दोनला. एक चॅनेल काम करत असेल तर दुसरा राखीव असतो. बऱ्याच ठिकाणी पैसे वाचवायला एकच फायबर टाकलेलं दिसतं. तसं चालतं, पण मग त्या एका धाग्यावर सगळी भिस्त असते.

तपासायचं असं :

फायबरच्या पूर्ण मार्गावर बोट फिरवत जा. केबल ट्रेच्या कोपऱ्यावर घट्ट केबल टाय आवळलेला असतो, पॅनेलच्या दारात वळसा चिमटलेला असतो, आणि केबल ट्रेंचमध्ये उंदीर असतात. जिथे ग्लँड प्लेटचं भोक बंद केलेलं नाही तिथे उंदराने पिवळं जॅकेट कुरतडलेलं हमखास सापडतं. धागा तुटलेला नसतो, पण वाकतो आणि प्रकाश कमी होतो. मग गरम झालं किंवा कोणी ट्रेवरून चाललं की लिंक सुटते.

मग कनेक्टर. एलसी कनेक्टर काढला की त्याच्या पांढऱ्या सिरॅमिक टोकाच्या बरोबर मधे केसापेक्षा बारीक गाभा असतो. साध्या डोळ्यांनी टोक स्वच्छ दिसतं. फायबर बघायच्या छोट्या मायक्रोस्कोपखाली तेच टोक ठेवलं की बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) तपकिरी कण नेमका त्या गाभ्यावर बसलेला दिसतो, कधी कधी बोटाच्या तेलाचा ठसाही. या कामाचा पेनसारखा क्लीनर मिळतो. तो नसेल तर धागे न सुटणारं कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. शर्टाच्या बाहीने पुसायचं नाही. मॉड्यूलमधल्या सॉकेटलाही तीच काळजी घ्यायची, कारण घाणेरडं टोक आत घातलं की घाण आत जाते आणि पुढे चांगली केबलही खराब होते. कनेक्टर बाहेर आहे तोवर त्यावर टोपी हवी. आणि उघड्या टोकात डोळा लावून बघायचं नाही, आत लेझर असतो.

सिंक आत्ता लागलेलं असेल आणि मधेमधे सुटण्याची तक्रार असेल, तर फायबर काढण्याआधी शिफ्ट इंचार्जची परवानगी घ्या. तेवढा वेळ प्लँट एकट्या कंट्रोलरवर असणार, हे त्याला माहीत असलं पाहिजे.

फायबर काढलेलं असताना सेकंडरी रॅक बंद-चालू करू नका. चालू होताना त्याला जोडीदार दिसला नाही तर तोही स्वतःला प्रायमरी समजू शकतो. मग एकाच नेटवर्कवर एकाच आयपीचे दोन दावेदार उभे राहतात आणि साधी तपासणी प्लँटवर येते. आधी फायबर दोन्ही टोकांना बसवा, मग पॉवर द्या.

## लॅपटॉप : लॉग आणि सेटिंग

आरएसलिंक्स या सॉफ्टवेअरमध्ये रिडंडन्सी मॉड्यूलवर राइट क्लिक करून मॉड्यूल कॉन्फिगरेशन उघडलं की रिडंडन्सी मॉड्यूल कॉन्फिगरेशन टूल उघडतं. नुसतं बघण्याने काही बिघडत नाही, पण याच टूलमध्ये स्विचओव्हरचं बटणही आहे, तेव्हा माउस कुठे आहे ते बघून क्लिक करा.

सगळ्यात आधी ‘कॉन्फिगरेशन’ टॅबवरचं ऑटो-सिंक्रोनायझेशन. तिथे तीन पर्याय असतात : ऑलवेज, नेव्हर, कंडिशनल. ऑफ-सीझनमध्ये काम करताना कोणीतरी ते ‘नेव्हर’ करतं, जे त्या वेळी बरोबरच असतं, आणि हंगाम सुरू होताना परत करायचं राहून जातं. कंट्रोलर, फायबर, कार्डं, सगळं चांगलं असतं आणि सिंक मात्र होत नाही. दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू होतात तेव्हाच्या तक्रारींत हे कारण मला वारंवार सापडतं.

मग ‘सिंक्रोनायझेशन स्टेटस’. इथे स्लॉटनिहाय दिसतं की कोणतं कार्ड सिंक आहे, कोणतं नाही, आणि जोडीदाराशी जुळतं की नाही. एकाच स्लॉटपुढे ‘इनकम्पॅटिबल’ असेल तर बाकी सगळं सोडा आणि त्या स्लॉटवर या. पुढची तपासणी तिथूनच सुरू होते.

इव्हेंट लॉग वाचण्याची एक पद्धत आहे. सिंक सुटलं की एका सेकंदात ओळींचा ढीग पडतो आणि माणूस सगळ्यात वरची, म्हणजे शेवटची, ओळ वाचून तेच कारण समजतो. खाली जा. त्या ढिगातली सगळ्यात आधीची ओळ शोधा, कारण बाकीच्या तिचे परिणाम असतात. पहिली ओळ इथरनेट कार्डाने नेटवर्क गेल्याची असेल आणि तुम्ही शेवटची ‘कंट्रोलर डिसक्वालिफाय’ वाचून कंट्रोलर बदलत असाल, तर तो खर्च फुकट. दोन्ही रॅकचे लॉग शेजारी ठेवून वाचा, आणि घड्याळं जुळलेली नसतील तर फरक आधी लिहून घ्या.

लॉग एक्स्पोर्ट करून ठेवा. पुढे तज्ज्ञ बोलवावा लागला तर तो पहिल्यांदा हीच फाइल मागेल. पॉवर बंद-चालू करण्याच्या आधीच ती काढलेली बरी.

## नेटवर्क आणि पुढचा आयपी

हे कारण इतक्या सहज तयार होतं की त्यावर थोडं थांबतो.

आयपी स्वॅपिंग वापरत असाल तर दोन्ही रॅकमधल्या जोडीच्या इथरनेट कार्डांना एकच आयपी दिलेला असतो. प्रायमरी तो वापरतो आणि सेकंडरी त्याच्या पुढचा घेतो. प्रायमरी १९२.१६८.१.१० असेल तर सेकंडरी १९२.१६८.१.११. स्विचओव्हर झाला की ते अदलाबदल करतात, म्हणून एचएमआयला (ऑपरेटरच्या स्क्रीनला) काही बदलावं लागत नाही.

अडचण अशी की आयपीच्या यादीत ११ कुठेच लिहिलेला नसतो. कोणीतरी नवीन व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह), प्रिंटर किंवा कॅमेरा लावतो, ‘११ मोकळा दिसतोय’ म्हणून देऊन टाकतो, आणि सेकंडरी कार्डावर डुप्लिकेट आयपीची सूचना येऊन जोडी तुटते. याहून फसवं म्हणजे इंजिनियरचा लॅपटॉप. तो जोडला की सिंक सुटतं आणि तो घरी गेला की परत लागतं. तक्रार येते की ‘अधूनमधून सुटतं’.

तपासायला सोपं आहे. सेकंडरी रॅकच्या इथरनेट कार्डाची केबल काढा (तो आधीच सिंकमध्ये नाही, म्हणून आणखी काही जात नाही) आणि पुढचा आयपी पिंग करा. उत्तर आलं तर तिथे दुसरं कोणीतरी बसलंय. मॅनेज्ड स्विच असेल तर मॅक ॲड्रेसवरून ते कोणत्या पोर्टवर आहे हेही सापडतं. सापडलं की त्याचा आयपी बदला आणि यादीत प्रायमरीसमोर दोन्ही आयपी कायमचे लिहून ठेवा.

सेकंडरीच्या इथरनेट केबलचा लिंक दिवाही बघा. ती केबल निघालेली असेल तर जोडी पात्र ठरत नाही, आणि तसंच असायला हवं : ज्याला आय/ओ दिसत नाही त्याने ताबा घेऊन उपयोग काय?

## रॅकची जुळणी आणि फर्मवेअर

दोन्ही रॅक स्लॉटनिहाय तंतोतंत सारखे हवेत. रॅकचा आकार तोच, तेच कार्ड, त्याच स्लॉटमध्ये. प्रायमरीत इथरनेट कार्ड स्लॉट दोनला आणि सेकंडरीत तीनला असेल तर जमणार नाही. ‘तात्पुरतं’ म्हणून कोणी एखादं डिजिटल इनपुट कार्ड सेकंडरीच्या रिकाम्या स्लॉटमध्ये खोचलं असेल तर ते काढा. या रॅकमध्ये त्याला जागा नाही.

स्पेअर टाकल्यानंतर सिंक न होण्याचं मुख्य कारण फर्मवेअर (कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर). कंट्रोललॉजिक्सच्या एल७ मालिकेतला नवा कंट्रोलर खोक्यातून निघतो तेव्हा त्यात फक्त प्राथमिक फर्मवेअर असतं, चालू प्रोग्रामला लागणारं नसतं. शिवाय या मालिकेत रिडंडन्सीसाठी फर्मवेअरचं वेगळं बंडल असतं : कंट्रोलर, इथरनेट कार्ड आणि रिडंडन्सी मॉड्यूल, तिघांच्या आवृत्त्या एकाच बंडलमधल्या हव्यात. नेहमीची नवी आवृत्ती टाकून ‘अपडेट केलं’ म्हणणाऱ्याने जुळणी आणखी बिघडवलेली असते. इथे नवीनतमपेक्षा जुळणारं महत्त्वाचं. सेकंडरी कंट्रोलरमध्ये प्रोग्राम वेगळा डाउनलोड करायची गरज नसते, सिंक होताना तो प्रायमरीकडून येतो.

फर्मवेअर टाकायचं तर माझा आग्रह आहे की स्पेअर कार्ड वर्कशॉपमध्ये वेगळ्या रॅकमध्ये घालून टाका. सेकंडरी रॅकमध्येही टाकता येतं, पण प्लँटच्या नेटवर्कवरून फ्लॅश करताना स्क्रीनवरच्या कार्डांच्या झाडाची चुकीची फांदी निवडली तर फर्मवेअर चालू प्रायमरीच्या कार्डावर सुटतं. दोन्हीकडे स्लॉट नंबर आणि कार्डाचं नाव सारखंच असतं, चूक व्हायला वेळ लागत नाही. ऑफ-सीझनमध्ये सगळे स्पेअर एकदा असे तयार करून त्यांवर आवृत्ती लिहून कपाटात ठेवले तर हंगामात रात्री दोन वाजता हा प्रश्नच येत नाही.

## प्रोग्राम

क्वालिफिकेशन सुरू होतं आणि मधेच पडतं, आणि नुकताच प्रोग्रामात बदल झालेला आहे, अशा वेळी इकडे या. एरवी नको.

रिडंडन्सी चालू केली की कंट्रोलरला डेटासाठी जवळपास दुप्पट मेमरी लागते, कारण प्रायमरीकडून आलेला बदल सेकंडरीला आधी बाजूला धरून ठेवावा लागतो. दरवर्षी नवे टॅग, नवे ट्रेंड, नवे रिपोर्ट चढत जातात आणि एक दिवस जागा संपते. मेमरी निम्म्याच्या वर गेली असेल तर आधी सफाई. इव्हेंट टास्क (एखादी घटना घडली की चालणारी कामं) रिडंडंट प्रोजेक्टमध्ये चालत नाहीत, तेही बघा.

स्कॅन टाइमचं (प्रोग्रामची एक फेरी व्हायला लागणाऱ्या वेळेचं) मात्र नीट समजून घ्या. सिंक असताना प्रत्येक प्रोग्रामच्या शेवटी बदललेला डेटा सेकंडरीकडे जातो, म्हणून स्कॅन वाढतो. जोडी तुटलेली असताना आकडे छान दिसतात. टास्कचा वॉचडॉग (फेरीला दिलेली कमाल वेळ) त्या छान आकड्यावर बेतून घट्ट ठेवला असेल, तर सिंक लागल्यावर वॉचडॉग फॉल्ट येऊ शकतो, आणि तो चालू कंट्रोलरवर येतो. म्हणून बऱ्याच दिवसांनी सिंक लावण्याआधी वॉचडॉगला पुरेशी मोकळीक आहे की नाही ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. मोठे ॲरे (डेटाच्या लांब याद्या) दर स्कॅनला उगाच लिहिले जात असतील तर ते थांबवणं हा खरा उपाय.

## उष्णता आणि धूळ

दुपारी सुटतं आणि रात्री लागतं, असा वेळेचा साचा दिसला की पॅनेलचं तापमान घ्या. या कार्डांची मर्यादा भोवतालच्या हवेची ६० अंश सेल्सियस असते. बॉयलरजवळच्या खोलीत, एसीचा फिल्टर बगॅसने बुजलेला असेल तर एप्रिलमध्ये बंद पॅनेल तिथवर सहज पोचतं. थर्मामीटर रॅकच्या खाली, जिथून हवा आत जाते, तिथे ठेवा. फिल्टर धुणं हे स्वस्तातलं काम आहे, पण हे सगळं मी इतकं खाली ठेवलं, कारण उष्णता असेल तर ती लॉगमध्ये आणि वेळेच्या साच्यात आधीच दिसलेली असते.

## कार्ड बदलणं

इथपर्यंत काही सापडलं नसेल तरच. आणि एका वेळी एकच वस्तू, फक्त सेकंडरीत : आधी फायबर केबल, मग रिडंडन्सी मॉड्यूल, मग स्टेटसमध्ये दिसलेलं इथरनेट कार्ड, मग कंट्रोलर, मग पॉवर सप्लाय, सगळ्यात शेवटी रॅक. केबल पहिली, कारण ती सगळ्यात स्वस्त आणि जास्त वेळा दोषी. रॅक शेवटी, कारण तो क्वचित जातो आणि बदलायला सगळं उतरवावं लागतं. दोन वस्तू एकदम बदलल्या आणि सिंक लागलं, तर कोणती खराब होती ते कधीच कळत नाही आणि चांगलं कार्ड भंगारात जातं.

कार्ड काढण्याआधी सेकंडरी रॅकची पॉवर बंद करा, फायबर दोन्हीकडे बसलेलं आहे याची खात्री करून मगच चालू करा. काढलेल्या कार्डाच्या मागच्या पिना बघा. एखादी वाकलेली असेल तर नवीन कार्ड घालण्याआधी रॅकचं सॉकेट टॉर्चने तपासा, नाहीतर नव्याचीही पिन जाईल.

## इथे थांबा आणि तज्ज्ञाला बोलवा

- प्रायमरीच्या कुठल्याही कार्डावर लाल दिवा किंवा फॉल्टचा संदेश असेल. आता प्रश्न स्टँडबायचा राहिलेला नाही. ऑपरेशनला सांगा, नियंत्रित शटडाऊनची तयारी ठेवायला लावा आणि स्वतः काही करू नका.
- दोन्ही रॅक प्रायमरी असल्याचं दाखवत असतील. कुठलाही रॅक स्वतःच्या मनाने बंद करू नका, आय/ओवर कोणाचा ताबा आहे ते बाहेरून दिसत नाही.
- दुरुस्तीसाठी प्रायमरी रॅकमध्ये किंवा त्याच्या फर्मवेअरमध्ये बदल करावा लागणार असेल.
- हीच जोडी बर्नर मॅनेजमेंट किंवा कुठल्या सेफ्टी इंटरलॉकचं काम करत असेल. तिथे बायपास, फोर्स (आय/ओची किंमत जबरदस्तीने ठरवणं), ‘तात्पुरतं’, यातलं काहीही प्लँटच्या लेखी परवानगीशिवाय नको.
- लॉगमध्ये मॉड्यूलच्या अंतर्गत फॉल्टचे कोड येत असतील, किंवा कार्ड बदलूनही तेच परत आलं असेल. कोडचा अर्थ कंपनीच्या सपोर्टकडेच असतो. एक्स्पोर्ट केलेली फाइल, दोन्ही रॅकच्या आवृत्त्या आणि सुरुवातीचा व्हिडिओ पाठवा.

## सिंक लागल्यावर

‘एसवायएनसी’ दिसलं म्हणजे सेकंडरीत डेटा पोचतोय. तो प्लँट सांभाळतो की नाही ते स्विचओव्हर करूनच कळतं, आणि ती चाचणी चालू हंगामात पूर्ण लोडवर करायची नसते. प्लँट बंद असताना किंवा कमी लोडवर, ऑपरेशनच्या परवानगीने, महत्त्वाचे लूप (आपोआप नियंत्रण करणाऱ्या साखळ्या) मॅन्युअलला टाकून करा. टूलमधून स्विचओव्हरची कमांड द्या आणि बघा : आउटपुट हलले का, एचएमआय किती वेळ गोठला, कुठले आय/ओ रॅक क्षणभर तुटले. बंपलेस (आउटपुटला धक्का न बसणाऱ्या) स्विचओव्हरची हमी फक्त सगळ्यात वरच्या प्रायॉरिटीच्या टास्कमधल्या आउटपुटना असते. फीड वॉटरचा लूप खालच्या टास्कमध्ये पडला असेल तर व्हॉल्व्ह उडी मारू शकतो, आणि ते समजायची जागा ही चाचणीच.

शेवटचं काम बहुतेक ठिकाणी राहून गेलेलं असतं. स्टँडबाय गेला की कंट्रोल रूममध्ये अलार्म आला पाहिजे. प्रोग्रामात जीएसव्ही (सिस्टीमची माहिती वाचणाऱ्या) सूचनेने ‘रिडंडन्सी’ ऑब्जेक्टचं ‘चॅसिस रिडंडन्सी स्टेट’ वाचा. प्रायमरीत ते २ असेल तर जोडी सिंक आहे, ३ म्हणजे सेकंडरी अपात्र, ४ म्हणजे सेकंडरी नाहीच. किंमत २ सोडून काहीही झाली आणि थोडा वेळ तशीच राहिली, तर अलार्म. थोडा वेळ एवढ्यासाठी की क्वालिफिकेशन चालू असताना उगाच वाजू नये. तो अलार्म ऑपरेटरला दिसेल अशा जागी ठेवा, इंजिनियरच्या पानावर नको, आणि त्याच्यापुढे कोणाला कळवायचं तेही लिहा. दर शिफ्टच्या लॉगशीटवर ‘स्टँडबाय सिंक : हो / नाही’ असा एक रकाना घाला. सिंक कधी सुटलं त्याची वेळ पुढच्या माणसाला तिथे मिळते, आणि लॉगमधली पहिली ओळ शोधायला तीच लागते.